पुढचं माप भरेपर्यंत

खळ्यावर रास मोजायला बसलेला माणूस पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नाही. ‘लाभ’ म्हणतो. आणि दुसरं माप भरून पोत्यात पडेपर्यंत म्हणतच राहतो, लाभ, लाभ, लाभ, लाभ. म्हणजे आकडा विसरत नाही. आणि जुनी माणसं सांगतात, मधल्या रिकाम्या वेळात नको ते काही राशीपाशी येऊन बसत नाही.

उर्मिला जोगदंड हा आवाज ऐकत वाढली. तिचे वडील बोरगव्हाणचे मापाडी होते. दाणे मोजून पोट भरणाऱ्या त्या घरात लेकरं मात्र कुणी मोजत नसे. “किती लेकरं तुम्हाला?” असं पाहुण्यानं विचारलं, तर आई म्हणायची, “हायती देवाच्या दयेनं,” आणि विषय चहाकडे वळवायची. त्या घरातली लेक पुढं शिकली, पुण्याच्या प्रयोगशाळेत गेली, आणि पन्नाशीला टेकल्यावर अशा कामाला लागली की ऐकून आईनं कानांवर हात ठेवले असते. या पृथ्वीवर आजवर एकूण माणसं जन्मली किती, ते मोजायचं.

जगभरातल्या नद्यांवर हे काम एकदमच सुरू झालं होतं. जुना अंदाज होता अकरा-बारा हजार कोटींचा. म्हणजे आज चालत्याबोलत्या प्रत्येक माणसामागे चौदा-पंधरा गेलेली माणसं उभी. पण तो अंदाज बसल्या जागी बांधलेला. आता चाळणी आली होती.

यंत्राचं खरं नाव लांबलचक होतं. धान्याच्या मोठ्या चाळणीसारखं दिसायचं, म्हणून बोरगव्हाणात त्याला सगळे चाळणीच म्हणत. वरून चमचाभर गाळ घालायचा. माणूस जिथं जगतो, तिथं आपल्या पेशींचा भुसा सांडत जातो, आणि चिकण गाळ तो भुसा हजारो वर्षं धरून ठेवतो. चाळणी त्यातले धागे वाचून सांगायची, यात वेगवेगळे जीव किती. शिवाय प्रत्येक पेशीवर वयाच्या बारीक खुणा चढत जातात, खोडात वळी चढतात तशा. त्यामुळे तो जीव गेला तेव्हा म्हातारा होता की तान्हा, तेही कळायचं.

सगळा गाळ काही कुणी चाळू शकत नाही. त्याला युक्ती होती तळ्यातल्या माशांची. जाळं टाकून शंभर मासे धरायचे, खूण करून सोडायचे. पुन्हा जाळं टाकायचं. खुणेचे मासे पुष्कळ आले तर तळं लहान. एखादाच आला तर तळ्यात मासे अमाप. उर्मिला डोहाच्या दोन टोकांहून गाळ काढायची आणि दोन्हीकडे सापडलेले जीव ताडून पाहायची.

आणि डोह निवडला होता तो बाळंतिणीचा.

“त्यो कामून?” धुरपतामावशीनं पहिल्याच दिवशी विचारलं होतं. मावशी उर्मिलाच्या आईची धाकटी बहीण. ऐंशीची, पण आवाज अजून जात्यासारखा भरडा. “दुसरी नदी ऱ्हायली न्हाई का तुला?”

“मावशी, आपण माणूस गेलं की जाळतो. राखेत काही उरत नाही.”

“मग?”

“दात न आलेलं लेकरू मात्र जाळत नाही. पुरतो.”

मावशीनं पदर तोंडाला लावला. नदीच्या जुन्या वळणावरचा तो डोह. बाळंतिणीचं धुणं गावाच्या पाणवठ्यावर चालत नसे, ते तिथं धुवायचं. त्याच्याच काठावर, करंजांच्या खाली, पिढ्यान्‌पिढ्यांची तान्ही झोपलेली. काठाची माती दर पावसाळ्यात चिमूट चिमूट डोहात उतरे, आणि आतल्या कोपऱ्यात पुराचं पाणीही वळत नसल्यानं गाळ थरावर थर शांत बसे. आता नळ आले, यंत्रावर धुणी आली. तरी गावातल्या मोऱ्या-संडासांचं पाणी ओढ्यावाटे तिथंच जाई. किती जन्मली तर त्यांतली किती तान्हेपणी गेली, याचा हिशेब पूर्वीच्या काळापुरता ठाऊक होता. म्हणजे ही तान्ही मोजली की त्यांच्याबरोबर जन्मलेल्या, मोठ्या झालेल्या, जळून वाऱ्यावर गेलेल्या सगळ्यांचा अंदाज येणार होता.

“म्हंजी जळाल्यांची साक्ष लेकरं देनार,” मावशी म्हणाली. मग डोहाकडे पाठ करून, जणू कुणाची झोप मोडू नये तशी गुणगुणली:

*डोहाच्या तळाशी गं, कोण जागं कोण निजं*
*नाव नाही ठेविलेलं, माती म्हणे माझं माझं*

“उर्मे, मोज तुला मोजायचं तर. पर मोठ्यानं नगं.”

उर्मिलाची मुक्कामाची सोय लेकीकडे होती. केतकी गुरांची डॉक्टर. तिची नेमणूक दोन वर्षांपासून बोरगव्हाणलाच. नवरा सुदर्शन शनिवार-रविवारी नांदेडहून यायचा. दिवाळीचा फराळ करताना उर्मिलानं पाहिलं, तळणाच्या वासानं केतकी दोनदा उठून बाहेर गेली.

“कितवा?” तिनं हळूच विचारलं.

“आई, करंज्या बघ, करपतायत.”

“केतकी.”

“विचारू नकोस ना. तू डोहातली मोज, घरातली नको.” केतकी हसली, पण हात पोटाशी गेला तो तिथंच राहिला.

याआधी दोनदा गर्भ राहून गळाला होता. दोन्ही वेळा केतकी दवाखान्यात होती म्हणून उर्मिलाला कळलं. “होतं असं पुष्कळांचं,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. या खेपेला निभावलं पाहिजे, एवढं एकच उर्मिलाच्या मनात होतं. बाकी सगळं, पृथ्वीवरच्या हजारो कोटींसकट, त्याच्या मागं.

काम झपाझप सरकत गेलं. तळाच्या थरांनी जुने दुष्काळ सांगितले, पटकीचे दिवस सांगितले. वर येता येता तान्ह्यांचं मरण कमी कमी झालं. लसी आल्या, दवाखाने आले. डोह मुका होत गेला. ते वाचताना उर्मिलाला बरं वाटायचं, जसं रडून रडून झोपलेल्या घरावरून जाताना वाटतं.

संक्रांतीच्या सुमारास ती सगळ्यात वरच्या, बोटभर जाडीच्या थराला पोचली. आणि डोह पुन्हा बोलायला लागला.

आधी तिला वाटलं, गाळ ढवळला गेला. नवा नमुना काढला. तेच. दुसऱ्या टोकाचा काढला. तेच. जीवच जीव, पण तान्ही नव्हेत. वयाच्या खुणा अजून उमटलेल्याच नाहीत म्हणाव्यात इतक्या कोवळ्या. कुणी चार आठवड्यांचं, कुणी नऊ, कुणी पाचव्या महिन्यापर्यंत पोचलेलं. जन्माला न आलेली.

तिनं पुण्याला डॉ. हेरंब पाटणकरांना फोन लावला. आकडेमोडीची सगळी बाजू त्यांच्याकडे होती.

“उर्मिलाताई, तुमच्याकडे आसपासच्या गावांचं सांडपाणी नव्यानं सोडलं असेल. माणसं वाढली की सगळंच वाढतं.”

“मलाही तेच वाटलं. म्हणून जिवंत माणसंही मोजली. त्याच पाण्यात त्यांचाही भुसा आहेच की. पाच गावांचं पाणी येऊ दे नाहीतर पन्नास. गर्भ आणि जिवंत बायका यांचं प्रमाण त्यानं बदलत नाही.”

“आणि ते काय येतंय?”

“पूर्वी शंभर रुजले तर तीसेक गळायचे. बहुतेक तर बाईला कळायच्या आधीच. ते नेहमीचंच होतं. वरच्या गाळात ऐंशी गळतायत, सर.”

मग पाटणकर म्हणाले, “पण असं असतं तर कुणाच्या लक्षात आलं नसतं?”

जन्म घटल्याचं सगळ्यांच्याच लक्षात आलं होतं. पेपरांत रोज लेख येत होते. लग्नं उशिरा, नोकऱ्या, महागाई. हल्लीच्या पोरींना मुलं नकोत. सगळ्यांना पटण्यासारखं कारण समोर होतं, म्हणून त्यामागं काही दडलं असेल असं कुणी पाहिलं नाही.

“आणखी एक,” उर्मिला म्हणाली. “गळालेल्यांपैकी जवळजवळ सगळ्यांच्या धाग्यात एकाच जागी एकच खूण आहे. खरवडल्यासारखी. कशानं ते माती सांगत नाही.”

“जनावरांत?”

“केतकीला विचारलं. म्हशी वेळेवर गाभण राहतायत, वेळेवर वितायत. काही नाही. फक्त आपल्यात.”

त्या दुपारी अंक पक्के करायचे म्हणून तिनं चाळणीचं वजावटीचं खातं उघडलं. काम करणाऱ्यांची थुंकी, घाम, केस गाळात पडतातच. म्हणून प्रत्येकाच्या रक्ताची ओळख यंत्राला आधी देऊन ठेवलेली असते. जे त्याच्याशी जुळेल, ते केर समजून यंत्र बाजूला टाकतं, मोजत नाही. जवळच्या रक्ताचंही तसंच. परगावच्या तज्ज्ञांनी आखलेली रीत होती. मोजायला आलेल्या बाईचं माहेर त्याच मातीत असेल, हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. आणि जिचं माहेर होतं, तिच्याही आलं नव्हतं.

केराच्या कप्प्यात तिचा स्वतःचा भुसा होता. केतकीचा होता. मावशीचा थोडा. आणि वरच्या गाळातले चार जीव होते, ज्यांच्यापुढं यंत्रानं निर्विकारपणे नोंदलं होतं: पाव रक्त जुळतं, बहुधा नातवंड, वगळले.

तिला एकच लेक होती. उर्मिलानं पडदा बंद केला आणि केतकी कामावरून येईपर्यंत अंगणातल्या बाजेवर बसून राहिली.

केतकी एका म्हशीचं अडलेलं रेडकू सोडवून आली होती. नळाखाली कोपरापर्यंत साबण लावत होती.

“केतकी, डोहात तुझी चार आहेत.”

साबणाचे हात तसेच फिरत राहिले.

“मला दोनच माहीत होती,” उर्मिला म्हणाली.

“दवाखान्यात न्यावं लागलं म्हणून माहीत झाली.”

“बाकीची?”

“बाकीची माझी मी निस्तरली. घरीच. दुसऱ्या दिवशी कामावर पण गेले.” तिनं नळ मोठा केला. “तीन महिने होईपर्यंत कुणाला सांगू नये, दृष्ट लागते, हे कुणी शिकवलं? तीन महिने झालेच नाहीत. मग काय सांगायचं होतं तुला? नव्हतं ते होतं, आणि आता नाही?”

“सुदर्शनला?”

“एका खेपेचं माहीत आहे.” मग तिचा आवाज लहान झाला. “मला वाटायचं, माझ्यातच काहीतरी वाईट आहे आई. इंजेक्शनं, औषधं, गुरांचे रोग, सगळं हाताळते मी. वाटायचं, मीच…”

“तुझ्या एकटीचं नाही गं ते,” उर्मिला म्हणाली. “या ओढ्याला ज्या ज्या घराचं पाणी येतं, त्या जवळजवळ प्रत्येक घरात आहे. शेजारच्या दीपालीचं असेल. तुमच्या ग्रामसेविकेचं असेल. सगळ्या तुझ्यासारख्याच गप्प.”

केतकीच्या चेहऱ्यावर आधी सुटका आली. कितीतरी दिवसांनी कुणी डोक्यावरचा भारा उतरवून घ्यावा तशी. आणि मग, त्या सुटकेच्या पाठोपाठ, तिचे डोळे मोठे होत गेले.

“सगळ्यांचं?”

उर्मिलानं नळ बंद केला.

“मग हे?” केतकीनं ओला हात पोटावर ठेवला.

“खूण ठाऊक झालीय आता. तुझ्या रक्ताच्या थेंबातही बाळाचे धागे असतात. एक थेंब चाळणीत घातला तर संध्याकाळपर्यंत…”

उर्मिलानं पदराच्या गाठीतून सुईचं पाकीट काढलं. केतकीनं ते पाहिलं. बोट पुढं केलं. मग त्या बोटानं आईच्या हातातलं पाकीट हळूच मिटवलं.

“आजोबा काय म्हणायचे? रास उपणून होईपर्यंत माप लावत नाहीत.”

“अगं, पण कळेल तरी.”

“कळून? खूण असली तर रोज मरू? आणि नसली तर दीपालीच्या तोंडाकडे बघू कशी?” ती पदरानं हात पुसायला लागली, आईच्याच पदरानं, लहानपणी पुसायची तसे. “मात्र ती चार केरातून बाहेर काढ. तेवढं कर.”

चार जीव केरातून काढणं सोपं होतं. पुढं पाठवणं अवघड. आठवड्यानं पाटणकर स्वतः बोरगव्हाणला आले. मावशीच्या अंगणात चहा पिताना त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा पुसला.

“जगाची व्याख्या ठरलेली आहे, उर्मिलाताई. जन्मून रडला तो मोजायचा. तुमच्या वरच्या थरातलं कुणीच रडलेलं नाही. आपल्याला ते विचारलेलंच नाही. गाळलं तर खोटंही होत नाही.”

“खरंय.”

“आणि कळवलं, तर लोक घाबरतील. कारण ठाऊक नाही, औषध ठाऊक नाही. घाबरून करतील काय?”

“एकमेकींना सांगतील,” उर्मिला म्हणाली.

“त्यानं थांबणार आहे?”

“नाही. पण आज प्रत्येकीला वाटतंय, दोष माझा. अशानं कुणी शोधायलाही लागणार नाही. जो रोग प्रत्येकाच्या घरी एकेकटा आहे, त्याला रोग कोण म्हणेल?”

मावशी इतका वेळ कपबश्या विसळत होती. ती वळली. “सायेब, चहा गार झाला. आन्‌ हिला अडवू नगा. मापाड्याची पोर हाय, राशीतलं खडं लपवायची न्हाई.”

पाटणकर हसले, पण गार चहा त्यांनी तसाच ठेवला. जाताना फाटकापाशी थांबून म्हणाले, “माझ्या सुनेचंही… म्हणजे ती काही बोलत नाही. पण आता विचारीन म्हणतो.”

उर्मिलानं दोन्ही आकडे पाठवले. पहिला, विचारला होता तो: डोहाच्या खोऱ्यातले आजवरचे जन्म. दुसरा, न विचारलेला. खाली दोन ओळी: आपापल्या नदीचा सगळ्यात वरचा गाळ पाहावा. वजावटीचा केरही पाहावा.

उत्तरं यायला महिना लागला. बहुतेकांनी वरचा थर जिवंत माणसांनी बाटलेला म्हणून फेकूनच दिला होता. आता पुन्हा काढला. आधी एका थंड देशातून आलं, मग समुद्राकाठच्या एका शहरातून, मग जिथं मैलोन्‌मैल एखादंच घर अशा पठारावरच्या नदीवरून. सगळ्यांनी थोडक्यात लिहिलं होतं, जणू मोठ्यानं म्हणायचं कुणालाच धैर्य नव्हतं: आमच्याकडेही. तीच जागा. तीच खूण.

पाटणकरांचा फोन आला. त्यांनी बेरजेची रेषा पुढं काढून पाहिली होती. लाखो वर्षं चढत आलेली रेषा आता आडवी व्हायला लागली होती. “आपण म्हणत होतो ना, आजवर इतकी माणसं जन्मली,” ते म्हणाले. “त्यातला ‘आजवर’ काढून टाकायची वेळ येईल का हो?” खिडकीबाहेर करंजांवर साळुंक्या भांडत होत्या, नेहमीसारख्या, पिल्लांवरून.

गावात मात्र एक झालं. मावशीच्या अंगणात दुपारच्या बायका जमायला लागल्या. पहिल्या दिवशी शेंगा फोडायचं निमित्त होतं. दीपाली शेंगा फोडता फोडता म्हणाली, “माझं तीन येळा.” कुणी मान वर केली नाही. दुसरी म्हणाली, “माझं नागपंचमीला.” मग सगळ्याच. सासवांपुढं, जावांपुढं. ज्या घरांत लेकरं मोजत नसत, त्या घरांतल्या बायका न झालेली लेकरं मोजत बसल्या, आणि शेंगांचा ढीग तसाच राहिला. केतकी त्यांच्यात बसायची. तिचं पोट आता पदराखाली झाकत नव्हतं. बायका येता-जाता त्याच्याकडे बघत. आधी हेव्यानं, पुढं पुढं निराळ्याच नजरेनं, गावातला शेवटचा विस्तव असलेल्या चुलीकडे बघावं तसं. कुणी दूध आणून देई. कुणी नुसतीच दारात उभी राहून जाई. केतकीला ते सोसवत नसे.

“आई, या सगळ्या माझ्याकडून काहीतरी मागतायत,” एकदा ती म्हणाली. “माझ्याकडे काय आहे?”

उर्मिलानं तिच्या पायांना तेल लावलं. सुईचं पाकीट तिनं केव्हाच मावशीच्या चुलीत घातलं होतं. तरी चाळणीपाशी गेलं की बोटं शिवशिवायची.

ऐन उन्हाळ्यात, भर दुपारी, केतकीला तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं. सुदर्शन नांदेडहून निघाला होता. बाहेरच्या बाकावर उर्मिला आणि मावशी बसून होत्या. लांबलचक ओसरीत माणूस नव्हतं. पूर्वी इथं बाकावर जागा मिळत नसे, चहावाला ओरडत फिरायचा, बारशाचे पेढे वाटले जायचे. आता पंख्याचा तेवढा आवाज.

आणि मग आतून रडणं आलं.

केवढं ते रडणं! भिंतीवरची पाल सरकली. मावशीनं हात जोडले. उर्मिलाच्या मनात त्या क्षणीही, सवयीनं, व्याख्या उमटली: जन्मून रडला तो मोजायचा.

परिचारिका दुपट्यातलं बाळ घेऊन आली. “मुलगी आहे. बाळंतीणही चांगली आहे.” तिचे डोळे भरून वाहत होते, रोजचं हेच काम करणाऱ्या बाईचे एरवी वाहत नाहीत तसे. तिच्यामागं उघड्या दारातून आतली खोली दिसत होती. भिंतीलगत पाळण्यांची रांग, सगळ्यांवर प्लास्टिकची आच्छादनं, फक्त दाराजवळच्या पाळण्यावरचं काढलेलं. “दोन महिन्यांतलं हे एकच…”

“एक म्हनू नगं!” मावशी कडाडली.

तिनं बाळ ओंजळीत घेतलं, भरलेलं माप धरावं तसं. कपाळाला कपाळ लावलं. आणि उर्मिलाच्या बापाच्या सुरात, खळ्यावरच्या त्या जुन्या ठेक्यात म्हणाली,

“लाभ.”

आतून केतकीनं हाक मारली. उर्मिला उठली, पण दारात थबकली. रांगेतल्या पाळण्यांवर पंख्याचं वारं येत होतं आणि प्लास्टिक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हलकंसं हलत होतं.

मागं मावशी थांबली नव्हती. बाळाला जोजवत, रांगेच्या दुसऱ्या पाळण्याकडे नजर लावून ती म्हणत होती, लाभ, लाभ, लाभ, लाभ. पुढचं माप भरेपर्यंत म्हणत राहायचं असतं.